आधी पाणी शोधा, मग रंगारी

भांडुपची आमची चार मजली इमारत १९८६ सालची, बिनलिफ्टची, आणि आम्ही सगळ्यांत वर. त्यामुळे पाऊस आधी आमच्याकडे उतरतो, मग बाकीच्यांकडे. एका मे महिन्यात बेडरूमचं रंगकाम काढलं. पुट्टी, प्रायमर, वर रंगाचे दोन हात, सगळं साग्रसंगीत. गणपती येईपर्यंत भिंतीला पोपडे सुटले. रंगारी म्हणाला होता, 'ताई, वॉटरप्रूफ रंग आहे, बघायला नको.' असेलही. पण पाणी भिंतीच्या मागून येत होतं.

तेव्हापासून मी रंगाऱ्याला सगळ्यांत शेवटी बोलावते. ओलीचा डाग दिसला की त्याच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची. भिंत खराब दिसते, दिसू दे. एप्रिल-मेच्या काहिलीतही डाग ओला असेल तर दोष नळाच्या पाइपचा नाहीतर बाथरूमचा. जोराच्या पावसानंतर रेघ ओलांडून पसरत असेल आणि दिवाळीपर्यंत वाळत असेल, तर बाहेरची भिंत किंवा गच्ची तपासा. रोग वेगळे, कामं वेगळी, खर्चही वेगळे.

खालच्या काकू एकदा तक्रार घेऊन आल्या, 'तुमचं बाथरूम गळतंय.' भांडण्यापेक्षा परीक्षा घेतली. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे लादीतल्या जाळीखालच्या पाणी जायच्या भांड्यात, फडक्याचा बोळा घट्ट कोंबला, लादीवर दोन बोटं पाणी साठवलं, त्यात कपड्यांची नीळ टाकली आणि चोवीस तास सगळ्यांना दुसऱ्या बाथरूममध्ये पिटाळलं. पाणी जवळजवळ तेवढंच राहिलं, काकूंचं छतही कोरडं. मग बोळा काढला. अर्ध्या तासात त्यांच्याकडे निळसर थेंब पडायला लागले. म्हणजे लादी ठीक होती, ट्रॅपचा सांधा सुटला होता. प्लंबरने एका दिवसात काम संपवलं. परीक्षा केली नसती तर अख्खं बाथरूम फोडून बसलो असतो.

गच्चीची पाहणी एप्रिलमध्येच. मुंबईत पाऊस साधारण १०-११ जूनला येतो आणि एकदा आला की स्लॅब वाळत नाही. ओल्या पृष्ठभागावर बरीचशी केमिकल धड धरत नाहीत. आधी पाणी जायच्या तोंडावरच्या जाळ्या साफ करायच्या. संक्रांतीचा मांजा, कबुतरांची पिसं, पानं यांचा तिथे लगदा होतो. मग बादलीभर पाणी ओतून ते कुठे थांबतं ते बघायचं. कठड्याच्या पायाशी सिमेंटचा वाटा, म्हणजे कोपऱ्यातली गोलाई असते, तिला भेग गेली की पाणी तिथूनच आत शिरतं. हातोडीच्या दांड्याने कोबा, म्हणजे गच्चीवरचा सिमेंटचा थर, ठोकत चाला, पोकळ आवाज येईल तिथे खडूने फुली मारा. कारागीर आला की फुल्या दाखवायच्या, म्हणजे तो 'पूर्ण गच्ची करावी लागेल' असं एकदम म्हणत नाही.

पाइपच्या सांध्यात पिंपळ उगवलेला दिसला तर बोटभर असतानाच मुळासकट काढा. वरून छाटलात तर तो दुप्पट जोमाने येतो आणि मुळं भिंत फोडतात. पिंपळ तोडायला आमचे सेक्रेटरी घाबरतात. मी रोप डब्यात लावून मोकळ्या जागी नेऊन ठेवते, पापही नाही आणि भेगही नाही.

सरकत्या खिडक्यांना खालच्या पट्टीत बाहेरच्या बाजूला बारीक भोकं असतात. ती बुजली की पट्टीत साठलेलं पाणी घरात उलटतं आणि आपण खिडकीला दोष देतो. खराट्याची काडी आणि जुना टूथब्रश पुरतो.

छताचा पोपडा पडून आतली सळई दिसली तर नुसतं प्लास्टर थापू नका. गंज चढलेली सळई फुगते आणि काँक्रीटला बाहेर ढकलते. वरून थापलेलं प्लास्टर पुन्हा खाली येणार, कदाचित कुणाच्या तरी डोक्यावर. सोसायटीला इंजिनिअर बोलवायला सांगा. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट मुंबईत तसंही बंधनकारक आहे. आमच्याकडे सभेत त्यावरून तीनदा वाद झाला, चौथ्यांदा जिन्यातला तुकडा पडला आणि ठराव एकमताने पास झाला.

बाकी कामं किरकोळ. स्टॉपकॉक, म्हणजे घरात येणारं पाणी बंद करायचा मुख्य कॉक, दोन महिन्यांतून एकदा बंद करून उघडायचा, नाहीतर तो जाम होतो आणि नेमका नळ तुटतो त्या सकाळी फिरत नाही. गळक्या नळाचा वॉशर लगेच बदला, सेकंदाला एक थेंब म्हटलं तरी दिवसाला काही लिटर पाणी जातं. विजेच्या बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा आपोआप तोडणारा खटका, असेल तर महिन्याला एकदा टेस्टचं बटण दाबा. खटका पडला नाही तर त्याच दिवशी वायरमन. ग्रिलचा गंज पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या रंगाचा, हात मेमध्येच द्यायचा.

आणि गणपतीला गावी कोकणात निघताना घराला नुसतं कुलूप घालू नका. स्टॉपकॉक बंद, फ्रिज सोडून बाकीचे खटके बंद, आणि प्रत्येक मोरीत, बाथरूममध्ये, बेसिनमध्ये एकेक तांब्या पाणी ओतायचं. ट्रॅपमधलं पाणी वाळलं की गटाराचा वास आणि झुरळं सरळ वर येतात. चिपळूणपर्यंत पोचल्यावर हे आठवलं तर शेजारच्यांकडे किल्ली ठेवलेली असावी.