पिल्लू चावत सुटलंय? आधी त्याची झोप बघा

कुत्र्याचं नवीन पिल्लू संध्याकाळी अचानक घरभर सुसाट धावायला लागतं, पायजम्याला लोंबकळतं, हाताला कडाकडा चावतं. अशा वेळी 'याला अजून खेळवायला हवं' असं वाटतं. पण बरेचदा ते दमलेलं असतं. लहान पिल्लांना दिवसाला 18 ते 20 तास झोप लागते. घरात सतत वर्दळ असली, प्रत्येक जण उचलून घेत असला, की ती पुरी होत नाही आणि मग लहान मुलासारखी किरकिर सुरू होते.

तासभर जागं राहून खेळून झालं, की शू करवून आणा आणि शांत, जरा अंधाऱ्या कोपऱ्यात चघळायचं खेळणं देऊन सोडा. झोपलेल्या पिल्लाला मुलांनी हात लावायचा नाही, हा नियम घरात कडक ठेवा.

साधारण तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात दुधाचे दात पडून नवे येतात, तेव्हा चावणं वाढणारच. चावलं तर ओरडू नका, हात झटकूही नका. झटकलेला हात त्याला खेळच वाटतो. हात स्थिर ठेवून खेळणं पुढे करा.

झोप आलेली नसताना जांभई देणं, ओठ चाटणं, तोंड फिरवणं म्हणजे त्याला नको झालंय. तिथेच थांबा. गुरगुरलं म्हणून रागावू तर मुळीच नका. ती त्याची सूचना आहे. ती दाबली, तर पुढे न गुरगुरता थेट चावायची सवय लागू शकते. एरवी खेळकर असलेलं पिल्लू मलूल पडलं, खाईनासं झालं, तर मात्र लगेच पशुवैद्यांकडे न्या.