एक राउटर पडला की अख्खी यादी लाल : झॅबिक्सवरचा माझा अनुभव

मुख्य राउटर धुळ्यात, मागे शिरपूर, साक्री, दोंडाईचाचे स्विच. धुळ्याची लाइन गेली की झॅबिक्सच्या (नेटवर्कवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर) 'प्रॉब्लेम्स' पानावर सगळेच लाल, आणि खरा बिघाड त्या गर्दीत हरवायचा.

उपाय ट्रिगर डिपेंडन्सीचा. ट्रिगर म्हणजे बिघाड ठरवणारी अट; ती दुसऱ्या ट्रिगरवर अवलंबून ठेवली, की तो दुसरा लाल असताना पहिला गप्प राहतो. प्रत्येक स्विचच्या पिंग (यंत्र उत्तर देतंय का, ही तपासणी) ट्रिगरच्या 'डिपेंडन्सीज' टॅबमध्ये धुळे राउटरचा पिंग ट्रिगर जोडला. एवढ्याने भागलं नाही! कारण वेळेचं: स्विचची तपासणी आधी झाली, तर राउटर पडल्याची नोंद होण्यापूर्वीच स्विचचा इव्हेंट (बिघाडाची नोंद) उठतो. दोघांनाही दर मिनिटाला पिंग आणि सलग ३ अपयशांची अट होती. राउटरच्या दोन पिंगमधलं अंतर ३० सेकंद केलं, स्विचची अट ५ अपयशांवर नेली. आता राउटर दीड मिनिटात लाल होतो, मागचे गप्प राहतात. स्विच एकटाच पडला तर कळायला चार-पाच मिनिटं लागतात, ते चालतं.

संध्याकाळी पीसी बंद झाले की 'लिंक डाऊन'चा पाऊस पडतो. तिथे आयएफकंट्रोल मॅक्रो (पोर्टची ही सूचना चालू-बंद करणारी सेटिंग) त्या पोर्टच्या नावासह ० करा. अपलिंक पोर्टला (स्विचला राउटरकडे जोडणारं पोर्ट) मात्र हात लावू नका.

इव्हेंट नुसता बंद करू नका. बिघाड कायम असेल तर पुढच्या तपासणीत तो परत उठतो. 'अ‍ॅक्नॉलेज' (दखल घेतल्याची खूण) करून शेरा लिहा : 'साक्री, वीज नाही, यूपीएस उतरला.' रात्रपाळीच्या माणसाला तेवढं पुरतं. भारनियमनाच्या ठरलेल्या वेळा 'मेंटेनन्स'मध्ये टाका, पण 'विथ डेटा कलेक्शन' (मोजमाप चालू) ठेवूनच. नाहीतर आलेखात खड्डा पडतो.