आयव्ही ओढू नका, आधी मूळ शोधा

इंग्लंडमधल्या कॉट्सवोल्ड्स भागातल्या एका खेड्यात आम्ही जुनं दगडी घर घेतलं, तेव्हा उत्तरेची अख्खी भिंत आयव्ही नावाच्या वेलीखाली होती. पहिल्याच शनिवारी मी बाह्या सरसावून वेल ओढायला घेतली. वेलीबरोबर सांध्यांतला चुना आला आणि पाठोपाठ मुठीएवढे दोन दगड. शेजारच्या आजी कुंपणापलीकडून बघत होत्या. बोलल्या काही नाहीत, संध्याकाळी स्वतःची छाटणीची कात्री आणून दिली.

तर आधी वेल ओळखा. कॅलेंडरवरच्या घरांवर ऑक्टोबरात जी लालभडक पानं दिसतात, ती बहुतेक वेळा व्हर्जिनिया क्रीपरची किंवा तिच्या भावंडाची असतात. ती थंडीत झडते. आयव्ही मात्र बर्फातही हिरवी.

मग भिंत बघा. आयव्ही बांडगूळ नाही, भिंतीतून काही शोषत नाही. इंग्लिश हेरिटेज या वारसा जपणाऱ्या संस्थेसाठी ऑक्सफर्डच्या संशोधकांनी केलेल्या अभ्यासात (२०१०) दिसलं, की धडधाकट भिंतीला तिची दाट पानं ऊन-थंडीच्या चढउतारापासून जपतात. गोची होते ती आधीच भेगा असलेल्या भिंतीत. मुळ्या आत शिरतात, जाड होतात, दगड ढकलतात. आपल्याकडे गडाच्या बुरुजात पिंपळ रुजतो तसंच. किल्लीनं सांधा खरवडून पाहा. चुना पिठासारखा गळला तर सावध व्हा.

आता मूळ शोधा. वेल जमिनीतून आली असेल, तर बुंध्याशी करवतीनं वीतभर तुकडा कापून काढा आणि काही महिने विसरून जा. पानं वाळली की वरून खाली, छोटे छोटे तुकडे कापत उतरवा. पण तिनं भिंतीतच मुळं धरली असतील, तर नुसता बुंधा कापून भागत नाही. पाण्यासाठी ती आणखी आत घुसू शकते. तिथे जुन्या चुनाकामाचा गवंडीच बोलवा. सांधे चुन्यानंच भरायचे. सिमेंट कडक, ओल आत कोंडते आणि मऊ दगडच फुटायला लागतो. घर लिस्टेड, म्हणजे जतन करायच्या वास्तूंच्या सरकारी यादीत असेल, तर दुरुस्तीआधी काउन्सिलला (स्थानिक प्रशासनाला) विचारा.

हातमोजे आणि पूर्ण बाह्या हव्यातच. चिकानं मला आठवडाभर खाज सुटली होती.

वेळ? मार्च ते ऑगस्ट घरट्यांचा हंगाम. पक्ष्यांचं वापरातलं घरटं मोडणं इथल्या १९८१च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. सप्टेंबरपासून आयव्हीला फुलं येतात. बाकी बागेत काही उरलं नसताना मधमाश्या तिथेच असतात. मी फेब्रुवारी धरते.

चर्चच्या आवारात मात्र मनानं काहीही करू नका. चर्च ऑफ इंग्लंडच्या इमारतीच्या कामाला फॅकल्टी नावाची परवानगी लागते, आणि वटवाघळं असली तर ती कायद्यानं संरक्षित. आवाराची निगा राखणाऱ्या आमच्या गटाला तिथे थडग्यांवरची वेल काढायचं काम असतं. ती ओढली की दगडाचा पापुद्रा निघतो आणि त्याबरोबर नावही. म्हणून अक्षरांवरच्या मुळ्या आम्ही तशाच सोडतो. तारेचा ब्रश तर लांबच ठेवायचा.

घरची उत्तरेची भिंत आम्ही शेवटी उघडी केली नाही. सैल सांधे भरून घेतले. आता दर वर्षी खिडक्यांभोवती आणि पन्हळीखाली हातभर जागा मोकळी करते, आजींच्याच कात्रीनं.