काळ्या रानात गॅरेज बांधताय? आधी मुरूम गाठा

घराशेजारी गाडीसाठी आणि वेल्डिंग-सुतारकामासाठी वेगळी शेड बांधायची असेल, तर परभणी-नांदेडकडच्या काळ्या मातीत २ फुटांच्या पायावर भागत नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. भिंती तडकतात, कोबा उचलला जातो. कॉलमचे खड्डे मुरूम लागेपर्यंत न्या. मुरूम फारच खोल असेल तर इंजिनिअरला अंडर-रीम्ड पाइलबद्दल (जमिनीत खोल जाणारा, बुडाशी फुगीर केलेला काँक्रीटचा खांब) विचारा. कोब्याखालची काळी माती काढून मुरूम भरा, पाणी मारत ६-६ इंचांच्या थरांत धुम्मसाने ठोका. उकरलेली माती परत आत टाकू देऊ नका, मिस्त्री कितीही म्हणाला तरी! मे महिन्यात पत्र्याखाली उभं राहवत नाही, म्हणून उंची १२ फूट ठेवा, शटर पश्चिमेला नको. वेल्डिंग मशीनला स्वतंत्र लाइन आणि चांगलं अर्थिंग घ्या.