गावी आई-वडील, आपण मुंबईत: पावसाळ्याआधी या चुका टाळा

पावसाळ्यात लालबागपासून दहिसरपर्यंत कितीतरी घरांतून रात्री कोकणात फोन जातो. "बाबा, पाऊस कसाय तिकडे?" पलीकडून ठरलेलं उत्तर येतं: "नेहमीचाच. तुम्ही काळजी करू नका." आपण निश्चिंत होऊन झोपतो.

सगळ्यात मोठी चूक हीच. आपण फोनलाच तयारी समजतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा वीज गेली आणि मोबाइलही बंद पडले. ज्या वेळी आपला सल्ला हवा असतो नेमक्या त्याच वेळी फोन लागत नाही. त्यामुळे घर कधी सोडायचं हे गावातल्या माणसांनीच ठरवायला हवं, आणि तेही आधीच. मे महिन्यात आपण आंबे-फणसाला गावी जातोच. त्याच सुट्टीत भावकीतल्या दोन तरुण पोरांना घरी बोलवा आणि आई-बाबांसमोर ठरवून घ्या: पाणी कुठल्या खुणेपर्यंत आलं की निघायचं, कुणाच्या घरी जायचं, गुडघेदुखीच्या आजीला कोण उचलून नेणार. मुंबईतल्या मुलाला विचारून मग निघू, असं कुणीही म्हणायचं नाही, हेही तेव्हाच सांगून टाका.

दुसरी चूक म्हणजे फक्त आपल्या गावावरचं आभाळ बघणं. वाशिष्ठी, जगबुडी, सावित्री या नद्या सह्याद्रीतून उतरतात, त्यांची लांबी कमी आणि उतार तीव्र. २०२१ च्या त्या पुराच्या वेळी महाबळेश्वरला २४ तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला होता. गावात पाऊस ओसरला तरी घाटमाथ्यावरचं पाणी नंतर येऊन पोचतं, आणि त्यात समुद्राला उधाण असलं तर खाडीकाठच्या गावांतून ते लवकर निघत नाही. म्हणून हवामान खात्याचा इशारा वाचताना आपल्या जिल्ह्याबरोबर घाटमाथ्याचा रंगही बघा आणि भरतीची वेळही बघा. लाल रंग आणि रात्रीची मोठी भरती एकत्र आली, तर म्हाताऱ्या माणसांना दुपारीच वरच्या वाडीत हलवलेलं बरं.

दरडीबद्दल मात्र जरा थांबून बोलायला हवं, कारण तिथे दुसरी संधी मिळत नाही. पुणे जिल्ह्यातलं माळीण, ३० जुलै २०१४. महाड तालुक्यातलं तळीये, २२ जुलै २०२१. खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी, १९ जुलै २०२३ ची रात्र. "आमच्या आजोबांपासून इथे काही झालं नाही" हे वाक्य डोंगरपायथ्याच्या जवळपास प्रत्येक वाडीत ऐकू येतं, आणि त्यावर विसंबणं धोक्याचं आहे. डोंगर अनेकदा आधी खुणा दाखवतो. उतारावर नवी भेग पडते. भिंत तडकते, दार अचानक घट्ट बसतं. झाडं किंवा विजेचे खांब कलतात. नेहमीचा झरा एकाएकी गढूळ होतो किंवा आटतो. कोरड्या जागी नवं पाणी फुटतं. यातलं काहीही मुसळधार पावसात दिसलं, तर उजेड असेपर्यंत घर सोडायचं. जाताना ओढ्याच्या तोंडाशी थांबायचं नाही, कारण दरडीचा राडा त्याच वाटेनं खाली येतो. पाऊस थांबला म्हणून त्याच संध्याकाळी परतायचंही नाही. मुरलेल्या पाण्यानं माती नंतरही सुटते.

इथे आपल्याकडची एक गोष्ट स्पष्ट सांगते. मुंबईहून पैसे पाठवून आपण कौलारू घराजागी बंगला बांधतो आणि अंगण मोठं हवं म्हणून जेसीबीनं मागचा डोंगर उभा कापतो. ना आधाराची भिंत, ना वरचं पाणी वळवणारा चर. मग पहिल्याच मोठ्या पावसात ती उघडी माती स्वयंपाकघरामागे येऊन बसते. अशी कापणी झाली असेल, तर मे संपायच्या आत निदान वरून चर काढून पाणी बाजूला वळवा आणि पावसाळाभर मागच्या खोलीत कुणाला झोपू देऊ नका.

कोकणातल्या घरांना आगोट, म्हणजे पावसाळ्याची बेगमी, भरायला शिकवावं लागत नाही. तांदूळ, सुकी मासळी, लाकूडफाटा माळ्यावर जातोच. राहून जातात ती औषधं. बीपीच्या, साखरेच्या गोळ्या किमान पंधरा दिवसांच्या हव्यात. इन्सुलिन असेल तर वीज गेल्यावर ते थंड कसं ठेवायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून घ्या. आधार, रेशन कार्ड, पासबुक यांचे फोटो मुंबईत तुमच्या फोनमध्ये असू द्या. मूळ कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, माळ्यावर. टॉर्च आणि सेलवर चालणारा रेडिओही घरात हवाच.

पूर ओसरल्यावर लगेच घर धुवायला घेऊ नका. आधी फोटो काढा, तलाठ्याचा पंचनामा होऊ द्या. वायरमननं बघितल्याशिवाय मेन स्विच चालू करायचा नाही. विहिरीत पुराचं पाणी गेलं असेल, तर ग्रामपंचायतीकडून टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकून घ्या आणि तरीही पाणी उकळूनच प्या. अडगळीत हात घालण्याआधी काठीनं चाचपून बघा. साप चावला तर घट्ट दोरी बांधणं, कापणं, मांत्रिक यातलं काही नको. १०८ ला फोन आणि थेट दवाखाना.

शेवटची चूक आपल्या बाजूची, आणि ती मायेपोटी होते. बातमी आली की आपण रात्रीच गाडी काढून निघतो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल कोसळला आणि दोन एसटी बस वाहून गेल्या. भर पुरात त्या रस्त्यावर उतरून आई-वडिलांना मदत होत नाही. त्याऐवजी पोलीस पाटील, सरपंच आणि वरच्या वाडीतला एखादा माणूस यांचे नंबर आत्ताच घ्या. जिल्हा नियंत्रण कक्षाचा पूर्ण लँडलाइन क्रमांकही लिहून ठेवा. तिथे फोन लागला की तालुका, गाव, वाडी, घरात माणसं किती, त्यातलं चालता न येणारं कोण आणि पाणी कुठवर आलंय, एवढं आधी सांगा.