झाडाने माना टाकल्या? झारी आधी खाली ठेवा

कुंडीतलं झाड कोमेजलं की हात आपसूक झारीकडे जातो. गंमत अशी, की पाणी कमी पडलं तरी झाड मान टाकतं आणि जास्त झालं तरी. पाण्याने तुडुंब भरलेल्या मातीत हवा उरत नाही, मुळं गुदमरून कुजतात आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणजे झाड पाण्यात उभं राहून तहानलेलं असतं! म्हणून आधी बोट दोन पेरं मातीत खुपसा. माती ओली लागली तर पाणी नको.

वास कुजका येत असेल तर झाड कुंडीतून सोडवून मुळं बघाच. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असतं. कुजलेलं तपकिरी, लिबलिबीत. चिमटीत धरून ओढलं की वरची साल निघून येते आणि आत नुसता दोरा उरतो. अशी मुळं स्वच्छ कात्रीने कापून टाका. मुळं कमी झाली, तर पाला साधारण एक तृतीयांश छाटा. उरलेल्या मुळांना पुरेल एवढ्याच कुंडीत, ताज्या मिश्रणात झाड लावा. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं खत आणि एक भाग जाडी वाळू हे प्रमाण बहुतेक झाडांना चालतं. बारीक वाळू मात्र टाळा; चिकणमातीत ती मिसळली की निचरा सुधारत नाही, माती उलट घट्ट बसते. एकदा पाणी द्या आणि सावलीत ठेवा. नवी पालवी दिसेपर्यंत वरून आणखी खत नाही. आजारी झाडाला खताचा ‘टॉनिक’ म्हणून डोस देणं ही सगळ्यात महागात पडणारी माया.

निचऱ्यासाठी तळाशी खड्यांचा थर घालायचा, हा सल्ला पिढ्यान्‌पिढ्या चालत आलाय. तो चुकीचा आहे. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत लगेच उतरत नाही. माती पूर्ण भिजली की मगच उतरतं. त्यामुळे चिखलाचा थर तळाऐवजी खड्यांच्या वर, म्हणजे मुळांच्या आणखी जवळ येतो. खात्री करायची असेल तर भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा. थेंब पडायचे थांबले की तोच स्पंज उभा करा, पुन्हा पाणी गळू लागेल. मातीचंही तसंच: थर जितका उंच, तितकं पाणी चांगलं निथळतं. खडे घालून आपण ती उंचीच कमी करतो. भोकावर जाळीचा तुकडा ठेवला की पुरे.

उलट तक्रारही येते: ‘रोज पाणी घालतो, खालून वाहतंही, तरी झाड सुकतंय.’ कुंडी उचलून बघा. हलकी लागली तर मिश्रणातलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कडक वाळलंय. माती कडेपासून सुटलीय आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली जातंय. कुंडी पाण्याच्या टबात अर्धा तास बुडवून ठेवा, मग निथळू द्या.

पानं पिवळी पडली, तर कुठली ते बघा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडत असतील तर बहुधा नत्र (नायट्रोजन) कमी पडतंय, कारण झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पालवीला देतं. लोह असं हलवता येत नाही. म्हणून कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसल्या, तर लोह मिळत नाहीये असं समजा. अनेकदा लोह मातीत असतंच, पण जड, म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यामुळे माती अल्कधर्मी झालेली असते. तिथे शेणखताचा मारा करून उपयोग नाही. चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही मुळांना घेता येईल अशा रूपातलं लोह, पाकिटावरच्या प्रमाणात द्या.

जमिनीत लावताना होणारी चूक नजरेची असते. रोप वीतभर दिसतं, म्हणून वीतभर अंतरावर दुसरं लावलं जातं. पूर्ण वाढलेलं झुडूप दीड मीटर रुंद पसरत असेल, तर दोन बुंध्यांमध्ये दीड मीटर हवेच आणि भिंतीपासून निदान पाऊण मीटर. मधली रिकामी जागा पहिली दोन वर्षं हंगामी फुलांनी भरा. मातीवर पसरायचं पालापाचोळ्याचं आच्छादन पाच ते सात सेंटीमीटर पुरतं, पण बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी सोडा. ओलं आच्छादन सालीला टेकलं की साल कुजते.