ऑफरोडला निघताना टायरची हवा आणि बॅटरी: आधी हिशोब करा, मग पंप घ्या

पाऊस सुरू झाला की मुंबईतून शनिवारी पहाटे कसारा घाट चढून भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या थार, जिम्नी, गुरखा अशा फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांची रांग लागते, काजव्यांच्या दिवसात तर मे अखेरपासूनच. गाडीत दोरी, फावडं, जादा लाइट सगळं असतं, पण चिखलात पकड मिळावी म्हणून टायरमधून काढलेली हवा परत कशी भरायची आणि त्याला करंट कुठून आणायचा हे बरेच जण चिखलात पोचल्यावर ठरवतात. मागच्या पावसाळ्यात रतनवाडीच्या अलीकडे आमच्या सोबतच्या मित्राचं असंच झालं, चारही टायर १८ पीएसआयवर (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) आणले होते, परत निघताना त्याचा कॉर्डलेस, म्हणजे स्वतःच्या बॅटरीवर चालणारा पंप दोन टायर भरून तिसऱ्यावर बसला, मग दुसऱ्याचा मोठा पंप लायटर सॉकेटला लावला तर फ्यूज उडाला. शेवटी बोनेट उघडून थेट बॅटरीला क्लिपा लावल्या तेव्हा काम झालं, पण अंधारात, भर पावसात दोन तास गेले. म्हणून हे सगळं नीट लिहितोय.

किती हवा काढायची

आधी ड्रायव्हरच्या दाराजवळचा स्टिकर बघा, कंपनीने सांगितलेला आकडा तिथे असतो, तो थंड टायरचा असतो. मुंबईहून दीडशे किलोमीटर पळून आलेला टायर तापलेला असतो आणि ३-४ पीएसआय जास्त दाखवतो, त्यामुळे पोचल्यावर थोडं थांबून, चहा पिऊन मगच गेज (दाब मोजायचं यंत्र) लावा. दगड आणि चिखल असेल तर २० ते २२ पुरतं, एकदम मऊ वाळूत १५ ते १८ पर्यंत जातात. साध्या रिमवर १५ च्या खाली जाऊ नका, वळताना टायर रिमवरून निसटू शकतो आणि मग छोट्या पंपाने तो परत बसवणं फार कठीण. आणि दगड टोकदार असतील तर फार कमी हवा ठेवू नका कारण टायरची बाजूची भिंत फुगून बाहेर येते, तिथे चीर पडली की पंक्चरची पट्टी चालत नाही, स्टेपनीच लावावी लागते. (वाळूचा आकडा दिलाय म्हणून कोकणात बीचवर गाडी उतरवू नका, पोलीस गुन्हा दाखल करतात आणि भरती आली की गाडीही जाते.)

परत भरायला किती लागतं

हा हिशोब कुणी सांगत नाही म्हणून सविस्तर लिहितो. थारचा २५५/६५ आर १८ टायर धरला तर आत साधारण ७० लिटर जागा असते, आणि साडेचौदा पीएसआय म्हणजे जवळपास एक वातावरणाचा दाब, म्हणजे १८ वरून ३२ वर न्यायला बाहेरची साधारण ७० लिटर हवा आत ढकलायची. चार टायरचे झाले २८० लिटर. पंपाच्या खोक्यावर मिनिटाला ३५ लिटर लिहिलेलं असतं पण तो आकडा नळी मोकळी असतानाचा, टायरमध्ये दाब वाढत जातो तसा पंप मंदावतो, म्हणून एका टायरला ४ मिनिटं धरा.

आता करंट. असा पंप साधारण १२० वॉट खातो, ४ मिनिटं चालला म्हणजे ८ वॉट-अवर (वॉट गुणिले तास), चार टायरला ३२. कॉर्डलेस पंप घेताना एमएएचचा (मिलिअँपिअर-अवरचा) मोठा आकडा बघून भुलू नका, व्होल्टने गुणा आणि हजाराने भागा. ७.४ व्होल्टची २००० एमएएच बॅटरी म्हणजे १५ वॉट-अवरसुद्धा नाही, मग ती दोन टायरवर संपणारच, त्यात पंपाचा दोष नाही. शहरात स्कूटर नाहीतर हॅचबॅकमध्ये ३-४ पीएसआय टाकायला तो उत्तम आहे, मी पण ठेवतो. जिम्नीचा १९५/८० आर १५ टायर लहान आहे, तिथे जरा जास्त पुरतो.

करंट कुठून घ्यायचा

लायटर सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांत १० ते २० अँपिअरचा असतो, मॅन्युअलमध्ये आकडा बघून घ्या. १५ अँपिअर गुणिले १२ व्होल्ट म्हणजे १८० वॉट, १२० वॉटचा पंप त्यावर चालतो. त्याहून मोठा, दोन सिलेंडरचा पंप २५-३० अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो, तो सॉकेटला लावायचाच नाही, थेट बॅटरीला, लाल क्लिप प्लसला आणि काळी मायनसला. फ्यूज उडाला म्हणून तिथे मोठा फ्यूज किंवा तार कोंबू नका, वायरिंग जळतं.

पंप चालू असताना इंजिन चालू ठेवा, गाडी न्यूट्रलला आणि हँडब्रेक ओढलेला, म्हणजे बॅटरी उतरत नाही आणि अल्टरनेटरचे साधारण १४ व्होल्ट मिळाल्यामुळे पंपही जोरात चालतो. पण हे मोकळ्या जागेत, बंद शेडमध्ये नाही, धुराने जीव जाऊ शकतो. छोट्या पंपांना सलग १०-१५ मिनिटंच चालायची मुभा असते, दोन टायर झाले की थंड होऊ द्या. आणि घरी सोसायटीच्या पार्किंगमध्येच एकदा चारही चाकांना लावून बघा, पुष्कळ पंपांची वायर मागच्या चाकापर्यंत पोचतच नाही, बारीक वायरने लांबवली तर ती तापते.

रात्री मुक्काम असेल तर

गाडीच्या बॅटरीवर रात्रभर फ्रिज आणि लाइट चालवू नका. ६० अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे ७२० वॉट-अवर पण साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवू नये, राहिले ३६०. ४५ वॉटचा फ्रिज अर्धा वेळ चालला तरी दहा तासांत २२५ खातो, वर लाइट, चार्जर, आणि बॅटरी दोन-तीन वर्षं जुनी असेल तर सकाळी सेल मारल्यावर नुसता टकटक आवाज. इंजिन बंद असताना १२.६ व्होल्ट म्हणजे फुल, १२.२ म्हणजे निम्मी, सॉकेटला लावायचा छोटा व्होल्टमीटर घेऊन ठेवा. मुक्काम नेहमीचा असेल तर लिथियम आयर्न फॉस्फेटवाला ३०० वॉट-अवरचा पॉवर स्टेशन, म्हणजे सॉकेट असलेला मोठा बॅटरीचा डबा, वेगळा ठेवा, फ्रिज त्यावर. मात्र त्याचं लायटरवालं आउटपुट बरेचदा १० अँपिअरचंच असतं, पंप सुरू होतानाच ते ट्रिप होतं, तेव्हा पंप गाडीवरच.

जंप स्टार्टर, म्हणजे उतरलेल्या बॅटरीची गाडी चालू करायचा छोटा बॅटरी पॅक, एकट्या गाडीने जाणाऱ्याने तरी न्यावाच, ऑटोमॅटिक गाडी धक्का मारून चालू होत नाही. लाल क्लिप बॅटरीच्या प्लसला, मग काळी मायनसला किंवा इंजिनच्या उघड्या धातूला, मग सेल, गाडी चालू झाली की लगेच काढा. तो आणि कॉर्डलेस पंप दोन्ही मे महिन्यात बंद गाडीत सोडून जाऊ नका, उन्हात आत ५० डिग्रीच्या वर जातं, लिथियम बॅटरी खराब होते, फुगते.

डांबरी रस्त्यावर चढायच्या आधी

कच्चा रस्ता संपला की पहिल्या सपाट जागी थांबून हवा भरायचीच, "पुढे पेट्रोल पंपावर भरू" असं नाही. १८-२० पीएसआयवर कसारा घाट उतरलात तर टायरची भिंत सतत दुमडून तापते आणि फुटू शकते, गाडी वळणावर ओढतेही. हवा भरायच्या आधी व्हॉल्व्हवरचा चिखल पाण्याने धुवा नाहीतर पिनमध्ये खडा अडकून हळूहळू हवा जाते, थोडं साबणाचं पाणी टाकून बुडबुडे बघा. जादा व्हॉल्व्ह पिना आणि टोप्या खिशात ठेवा, दहा-वीस रुपयांचं काम आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर थंड असताना परत एकदा गेज लावा, त्याच वेळी स्टेपनीचीही हवा बघा आणि पंप, जंप स्टार्टर दोन्ही चार्जिंगला लावा.